‘गॉट युअर गोट’ : क्लायंटने तुम्हाला बकरा बनवलेलं नाही

तुम्ही विचारलंय ते असं. पुण्यात सपोर्ट टीममध्ये काम, क्लायंट अमेरिकेतला, ओहायोचा. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी त्याने रिक्वायरमेंट बदलली, तुमच्या टीमने रात्र जागून काम निभावलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मेल आला : ‘सॉरी इफ दॅट लास्ट-मिनिट चेंज गॉट युअर गोट.’ टीममधला एकजण म्हणाला, ‘आपल्याला बकरा बनवलं आणि वर कबूलही करतोय.’ दुसऱ्याने रेसच्या घोड्यांची आणि शेळीची काहीतरी गोष्ट सांगितली. हा अपमान आहे का, हे बोलणं आलं कुठून, उत्तर काय द्यायचं आणि रागाचे असे आणखी कोणते वाक्प्रचार माहीत असावेत, हे तुम्हाला हवंय.

अपमान अजिबात नाही. ही दिलगिरी आहे. ‘ऐन वेळच्या बदलामुळे तुम्ही वैतागला असाल तर सॉरी’ एवढंच तो म्हणतोय आणि तेही मोकळेपणाने, बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं. ज्याच्याशी संबंध ताणलेले आहेत त्याला कोणी असं लिहीत नाही. त्यामुळे टीमला आधी शांत करा.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतो आणि कंपन्यांमधल्या लोकांना कामकाजाचं इंग्रजी शिकवतो. दोन्ही ठिकाणी रागाचे वाक्प्रचार सगळ्यांत जास्त अडतात. अर्थ कोशात सापडतो. तिथे ‘टु अनॉय’ असं लिहिलेलं असतं आणि ते बरोबरही असतं. पण राग केवढा, आणि बोलणारा त्या रागाला मान देतोय की त्याला क्षुल्लक ठरवतोय, हे कोशातल्या दोन शब्दांत मावत नाही. मेलचं उत्तर देताना नेमकं तेच कळायला हवं असतं.

तुमच्या सहकाऱ्याचा घोटाळा का झाला, ते आधी बघू, कारण तो फार स्वाभाविक आहे. आपल्याकडे ‘बकरा बनवणं’ म्हणजे एखाद्याला मूर्खात काढणं आणि ‘बळीचा बकरा’ म्हणजे दुसऱ्याचं पाप ज्याच्या माथी मारलं जातं तो. इंग्रजीत त्या दुसऱ्या अर्थाला ‘स्केपगोट’ आहे. तो शब्द बायबलमधल्या एका विधीवरून आला : सगळ्या लोकांची पापं एका बोकडावर लादून त्याला वाळवंटात सोडून द्यायचं. त्याचा तुमच्या मेलमधल्या ‘गोट’शी काहीही संबंध नाही. आणि हल्ली क्रिकेटच्या गप्पांत पोरं कोहलीला किंवा सचिनला ‘गोट’ म्हणतात, ती ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ची आद्याक्षरं. तेही वेगळंच. म्हणजे एकाच जनावराच्या नावावर तीन निरनिराळी बोलणी आहेत आणि तिन्ही मराठी माणसाच्या कानावर एकाच आठवड्यात पडू शकतात. गोंधळ होणारच.

आता या वाक्प्रचाराची बांधणी नीट बघा. ‘गेट समवन्स गोट’मध्ये गोट कोणाचा? ज्याला राग आला त्याचा. घेतो कोण? जो राग आणतो तो. माणूस असेल किंवा एखादी गोष्ट असेल. ‘दॅट नॉइज गेट्स माय गोट.’ ‘ही रिअली गेट्स माय गोट.’ ‘व्हॉट गेट्स माय गोट इज पीपल हू नेव्हर रिप्लाय.’ म्हणजे या बोलण्यात राग हा रागावणाऱ्याचा दोष नाही. कोणीतरी येऊन तुमच्या जवळचं काहीतरी काढून नेलं, अशी कल्पना त्यात आहे. म्हणूनच तुमच्या क्लायंटच्या वाक्यात कर्ता ‘चेंज’ आहे. चूक बदलाची, पर्यायाने त्याची स्वतःची. तुमच्या स्वभावाची नाही. हा फरक बारीक वाटेल, पण याच जागी त्याने ‘सॉरी इफ यू गॉट बेंट आउट ऑफ शेप’ लिहिलं असतं तर मी तुम्हाला वेगळं उत्तर दिलं असतं. त्यावर पुढे येतो.

वापरताना काही गोष्टी पक्क्या आहेत. ‘अ गोट’ किंवा ‘द गोट’ म्हणायचं नाही. माय, युअर, हिज असंच हवं. माणसं अनेक असली तरी गोट सहसा एकच राहतो : ‘इट गॉट अवर गोट.’ ‘माय गोट वॉज गॉट’ असं उलटवून कोणी बोलत नाही. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया सगळीकडे समजतं, पण आता जरा जुनं वाटतं. पन्नाशीच्या पुढची माणसं सहज वापरतात, विशीतली मुलं क्वचित.

आणि माप. हा राग लहान आहे. शेजाऱ्याने रोज तुमच्या जागेवर गाडी लावणं, मीटिंगमध्ये कोणीतरी सतत मधे बोलणं, ‘गुड क्वेश्चन’ म्हणून उत्तरच न देणं, अशा गोष्टींचा राग. कोणाचा पगार अडवला, कोणाच्या बहिणीला त्रास दिला, कोणाच्या जातीवरून बोललं, तर त्या संतापाला ‘गोट’ म्हणणं हे निर्दयपणाचं ठरेल. मोठ्या अन्यायावरच्या बातमीत हा वाक्प्रचार वापरलेला दिसला की मला ते खटकतं. लिहिणाऱ्याने त्या माणसांचा संताप चिमटीत बसेल एवढा करून टाकलेला असतो.

आता उगमाकडे. रेसच्या घोड्याची जी गोष्ट तुमच्या टीममध्ये सांगितली गेली ती अशी : शर्यतीचे घोडे फार भेदरट आणि चिडखोर असतात, त्यांना शांत ठेवायला तबेल्यात सोबतीला शेळी ठेवतात. प्रतिस्पर्धी आदल्या रात्री ती शेळी चोरून नेतो, घोडा सैरभैर होतो, शर्यत हरतो. ‘शेळी नेली’ म्हणजे शांतपणा नेला. ऐकायला किती चपखल! यातली निम्मी गोष्ट खरीही आहे. तबेल्यात घोड्याला सोबत म्हणून शेळी ठेवण्याची पद्धत खरोखर आहे. अमेरिकेत 1936 साली सीबिस्किट नावाचा पुढे दंतकथा झालेला घोडा टॉम स्मिथ या ट्रेनरकडे आला तेव्हा तो इतका अस्वस्थ होता की स्मिथने त्याच्या गाळ्यात व्हिस्कर्स नावाची शेळी आणून सोडली. सीबिस्किटने तिला दातांत धरून हलवलं आणि बाहेर टाकून दिलं. शेवटी पम्पकिन नावाच्या एका शांत घोड्याशी त्याचं जमलं.

पण चोरीचा भाग? तिथे पुरावा नाही. शब्दांचा शोध घेणाऱ्यांची पद्धत साधी आणि कडक असते : छापील मजकुरात शब्द पहिल्यांदा कुठे दिसतो आणि कोणत्या लोकांच्या तोंडी दिसतो ते बघायचं. वाक्प्रचार रेसकोर्सवर जन्मला असता तर सुरुवातीचे दाखले रेसच्या बातम्यांत सापडायला हवे होते, निदान एखाद्या चोरीला गेलेल्या शेळीची हकिकत तरी. तशी काही सापडत नाही. ‘गोट’ हा रागाचा शब्द म्हणून दिसतो तो अगदी वेगळ्या ठिकाणी. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी सिंग सिंग नावाचा तुरुंग आहे. तिथल्या आयुष्यावर 1904 साली एक पुस्तक निघालं, लेखकाने नावाच्या जागी कैद्याचा क्रमांक घातला होता. त्यात तुरुंगातल्या बोलीचे शब्द दिले आहेत आणि तिथे ‘गोट’चा अर्थ दिलाय : राग.

पुढचा गाजलेला दाखला मे 1909 चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या एका स्थानिक वृत्तपत्रातला. कोणीतरी वैतागून सांगतोय की रात्रभर आपण तेच पाणी टबातून टाकीत आणि टाकीतून परत टबात भरत होतो, आणि विचारतोय : ‘वूडन्ट दॅट गेट युअर गोट?’ हा दाखला मला फार आवडतो, कारण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा राग आणि रात्रभर बदललेलीच रिक्वायरमेंट पुन्हा बदलत बसलेल्या तुमच्या टीमचा राग अगदी एकाच मापाचा आहे. कोणी मेलं नाही, कोणी लुबाडलं नाही; नुसती मेहनत वाया गेली. वाक्प्रचाराला घर कुठे आहे ते अशा वाक्यातून समजतं, उगमाच्या गोष्टीतून नाही.

आणखी एक कथा तुम्हाला अमेरिकन माणसं सांगतील. तिथल्या नौदल अकादमीचं मानचिन्ह बोकड आहे. लष्करी अकादमीविरुद्धच्या फुटबॉल सामन्याला 1893 साली जिवंत बोकड पहिल्यांदा नेला गेला. सामन्याआधी लष्करी कॅडेट तो बोकड पळवतात आणि नौदलवाले पिसाळतात, म्हणून ‘गॉट देअर गोट’. पण कॅडेटांनी बोकड पळवल्याची पहिली गाजलेली घटना 1953 ची. तोवर हा वाक्प्रचार निदान चाळीसेक वर्षं लोकांच्या तोंडात होता. कारण परिणामाच्या नंतर येत नसतं, तेव्हा ही कथा तारखेवरच बाद होते. कोणी म्हणतात की हा मूळचा ‘गोड’, म्हणजे बैलाला टोचायची पराणी, आणि त्याचा अपभ्रंश होऊन गोट झाला. अर्थ छान जुळतो, पण मधला टप्पा दाखवणारा एकही दाखला नाही. फ्रेंचमध्ये ‘शेळी घेणं’ म्हणजे रागावणं असा जुना वाक्प्रचार आहे खरा, सतराव्या शतकातल्या नाटकांत तो येतो. मात्र तिथे शेळी घेतो तो रागावणारा स्वतः. इंग्रजीत ती दुसरा नेतो. आणि सतराव्या शतकातला फ्रान्स ते 1904 चा अमेरिकन तुरुंग, मधला पूल कुठेच नाही. तेव्हा उगम अज्ञात, असंच म्हणायचं. ‘अज्ञात’ हे उत्तर लोकांना आवडत नाही, पण सुंदर गोष्ट सापडली म्हणजे उगम सापडला असं होत नाही. वर्गात मी रेसची कथा सांगतो, कारण ती ऐकली की वाक्प्रचार विसरत नाही. फक्त ती कथा आहे हे त्याच दमात सांगतो.

1910 च्या दशकात हा शब्दप्रयोग अमेरिकन बॉक्सिंग आणि बेसबॉलच्या बातम्यांत सर्रास दिसू लागला आणि तिथे त्याला एक धार आली. समोरच्याला डिवचायचं, त्याचा तोल घालवायचा, म्हणजे तो चुकतो. आपण क्रिकेटमध्ये ज्याला स्लेजिंग म्हणतो ते हेच.

मराठी वाचकाला याचं उत्तम उदाहरण आठवेल ते फेब्रुवारी 1981 च्या मेलबर्न कसोटीचं. सुनील गावसकर 70 वर खेळत होते. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीच्या चेंडूवर पंचांनी त्यांना पायचीत दिलं; चेंडू बॅटला लागला होता असं गावसकरांचं म्हणणं. त्यांनी नाराजी दाखवली आणि चालू लागले. इथवर राग आहे, पण हाताबाहेरचा नाही. पुढे काय झालं ते गावसकरांनी नंतर अनेकदा सांगितलंय : निर्णयामुळे नव्हे, तर जाता जाता ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी ‘चालता हो’ अशा अर्थाचे शब्द ऐकवले त्यामुळे ते उसळले. मागे वळले आणि जोडीला खेळत असलेल्या चेतन चौहानला सोबत घेऊन मैदान सोडायला निघाले. सीमारेषेपाशी संघव्यवस्थापक दुराणी आडवे आले, त्यांनी चौहानला परत पाठवलं, म्हणून सामना अर्धवट सोडला गेला नाही. चौहान 85 वर बाद झाले, शेवटच्या डावात ऑस्ट्रेलिया 83 धावांत कोसळली आणि भारत 59 धावांनी जिंकला. त्या वागण्याबद्दल गावसकरांनी पुढे खेदही व्यक्त केला.

इंग्रजीत ही घटना सांगायची तर दोन वाक्प्रचार लागतील. लिली आणि मंडळींचे शब्द ‘गॉट हिज गोट’, आणि मग ‘ही सॉ रेड’. पहिल्यात डिवचलं गेल्याची भावना आहे. दुसऱ्यात भान सुटलंय. ‘सी रेड’ म्हणजे तळपायाची आग मस्तकात जाणं, त्या क्षणी माणसाला परिणाम दिसत नाहीत. (लाल कापड बघून बैल उधळतो, या समजाशी लोक याचा संबंध जोडतात. बैलाला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. तो उधळतो कापडाच्या हालचालीने, आणि स्पेनमधल्या बैलझुंजीत सुरुवातीला वापरतात ते मोठं कापड तर गुलाबी-पिवळं असतं.) तुमच्या क्लायंटला ‘आय सॉ रेड व्हेन आय गॉट युअर मेल’ असं चुकूनही लिहू नका. ती रागाची कबुली नाही, आपलं डोकं ठिकाणावर नव्हतं याची कबुली आहे.

आता ज्यावर परत येतो म्हणालो होतो तो ‘बेंट आउट ऑफ शेप’. अमेरिकेत हे नेहमी ऐकू येतं : ‘डोन्ट गेट बेंट आउट ऑफ शेप.’ ऐकायला मवाळ आहे, पण यात रागावणाऱ्यालाच वाकडं ठरवलंय. एवढ्याशा गोष्टीसाठी काय हे, असा सूर आहे. ब्रिटनमधला ‘निकर्स इन अ ट्विस्ट’ (निकर्स म्हणजे बायकांची चड्डी) याच जातीचा आणि त्यावर थोडा अश्लीलपणाचा वास. बाईला उद्देशून कोणी पुरुष सहकारी असं बोलला तर ती तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात ‘स्पिट द डमी’ म्हणतात. डमी म्हणजे तान्ह्या बाळाच्या तोंडात देतात ती चोखणी; ती थुंकून भोकाड पसरणं. म्हणजे मोठ्या माणसाच्या रागाला बाळाचा हट्ट म्हटलं. ब्रिटिश ‘थ्रोइंग टॉइज आउट ऑफ द प्रॅम’, बाबागाडीतून खेळणी फेकणं, हेही तेच. हे सगळे वाक्प्रचार रागाचं वर्णन करता करता रागाचा निकालही लावून टाकतात : हा राग रास्त नाही. कोणी तुमच्याबद्दल हे वापरलं तर शांतपणे मूळ मुद्द्यावर परत या, ‘आय अ‍ॅम नॉट अपसेट, आय अ‍ॅम आस्किंग अबाउट द डेट’ एवढं पुरे. रागावलो नाही हे पटवत बसलात तर चर्चा तुमच्या स्वभावावर जाते आणि तारीख बाजूला राहते. हे मी अनेक कॉल ऐकताना पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण बहुतेकदा मुद्दा आपल्या माणसाचा बरोबर असतो.

देशादेशांतले दोन खड्डे मात्र लक्षात ठेवाच. ‘मॅड’ म्हणजे अमेरिकेत रागावलेला, ब्रिटनमध्ये मुख्यतः वेडा. ‘माय बॉस इज मॅड’ हे वाक्य शिकागोत आणि लंडनमध्ये दोन वेगळ्या बातम्या देतं. ‘पिस्ड’ अमेरिकेत चिडलेला, ब्रिटनमध्ये दारू प्यायलेला. चिडलेला म्हणायचं तर तिथे ‘पिस्ड ऑफ’ म्हणतात. दोन्हीकडे असभ्यच आहे, तेव्हा ऐकून समजून घ्या, लिहू नका.

ब्रिटिश क्लायंटशी काम करणाऱ्यांनी तर उलटाच अभ्यास करायला हवा. तिथे खरा राग वाक्प्रचारात येतच नाही, तो सौम्य शब्दांत येतो. ‘आय अ‍ॅम अ लिटल डिसअपॉइंटेड’, ‘वी वेअर नॉट बेस्ट प्लीज्ड’, ‘आय मस्ट से आय अ‍ॅम सरप्राइज्ड’. आपला माणूस वाचतो आणि म्हणतो, थोडंसंच नाराज आहेत, चला. प्रत्यक्षात पुढचा मेल तुमच्या वरिष्ठांच्या वरिष्ठांना गेलेला असतो. ‘गोट’ लिहिणारा ओहायोचा माणूस मोकळा झालाय. ‘अ लिटल डिसअपॉइंटेड’ लिहिणारा मँचेस्टरचा माणूस अजून आत धुमसतोय. दुसऱ्याला त्याच दिवशी फोन करा.

मराठीत ‘गेट्स माय गोट’ कसं आणायचं, हे तुम्ही विचारलं नाहीये, पण अर्थ पक्का बसायला त्याचा उपयोग होईल. आपल्याकडे रागाचे शब्द इतके आहेत की निवड चुकायला भरपूर वाव आहे. अंगाचा तिळपापड होणं मोठं आहे, त्यात असूयाही मिसळते. पित्त खवळणं, पारा चढणं यांत आवाज वाढलेला असतो. धुसफुसणं, चरफडणं आतल्या आत. फुरंगटणं, रुसणं हे जवळच्या माणसावरचं. त्याला इंग्रजीत ‘सल्क’ म्हणतात, पण समजूत काढावी ही जी रुसव्यातली अपेक्षा असते ती त्या शब्दात नाही. फणकाऱ्याने निघून जाणं हे ‘इन अ हफ’ला जवळजवळ तंतोतंत बसतं. आणि ‘गेट्स माय गोट’साठी आजच्या बोलीत एक फार नेमका प्रयोग आहे : डोक्यात जाणं. ‘तो माणूस ना, माझ्या डोक्यात जातो.’ कर्ता तोच, राग आणणारा. माप तेच, रोजच्या वैतागाचं. रागावणाऱ्याला दोष नाही. सूरही तसाच घरगुती.

पण सगळीकडे तोच चालेल असं नाही. एका माहितीपटाच्या भाषांतरात वयस्कर अमेरिकन शेतकरी सरकारी फॉर्मबद्दल कुरकुरत म्हणतो, ‘दोज फॉर्म्स गेट माय गोट.’ त्याच्या तोंडी ‘डोक्यात जातात’ मला पटेना. ते फार तरुण वाटत होतं. शेवटी ‘त्या कागदांनी नुसता जीव विटतो’ असं केलं. तिथे रागापेक्षा कंटाळा अधिक होता आणि आवाज साठीचा हवा होता. उलट बॉक्सिंगवरच्या एका लेखात ‘ही ट्राइड टु गेट हिज गोट’ आलं, तिथे ‘डिवचून डिवचून त्याचा तोल घालवायला बघत होता’ हेच योग्य. तीन ठिकाणी तीन मराठी वाक्यं, आणि बोकड एकातही नाही. तो आणायचा मोह होतो, विशेषतः ‘शेळी पळवली’ असं काहीतरी नवं घडवण्याचा. पण मराठी वाचक त्या शेळीपाशी अडकतो आणि राग निसटतो.

आता तुमचं उत्तर. आपली सवय दोन टोकांची. एक, ‘नो प्रॉब्लेम सर, इट्स ओके’ म्हणून गिळून टाकायचं. दुसरं, रात्री किती वाजेपर्यंत कोण कोण बसलं होतं याचा पाढा वाचायचा. पहिल्याने पुढच्या रिलीजला तेच होईल. दुसऱ्याने, ज्याने आपणहून सॉरी म्हटलंय त्याला तुम्ही पुन्हा पिंजऱ्यात उभं कराल. त्याच्या वाक्यात ‘इफ’ आहे हे खरं, म्हणजे पूर्ण माफी नाही. पण इतक्या हलक्या सुरातल्या मेलमध्ये त्या ‘इफ’वर बोट ठेवू नका. त्याने बोलायला जागा दिली आहे, तिचा उपयोग करून घ्या. मी असं लिहीन :

‘थँक्स फॉर सेइंग दॅट. इट डिड मेक फॉर अ लाँग नाइट, बट द रिलीज इज आउट अँड स्टेबल. फॉर द नेक्स्ट वन, कुड वी अग्री ऑन अ कट-ऑफ फॉर चेंजेस, से ट्वेंटी-फोर अवर्स बिफोर?’

यात पहिल्या वाक्यात त्याची दिलगिरी स्वीकारली. ‘लाँग नाइट’ या दोन शब्दांत त्रास सांगितला, लपवला नाही आणि उगाळलाही नाही. काम झालंय हे सांगितलं. आणि मागणी ठोस ठेवली, 24 तास आधी बदल बंद. ‘कुड वी अग्री’ असं विचारल्यामुळे ती अट न वाटता प्रस्ताव वाटते; अमेरिकन माणूस यावर बहुधा ‘फेअर इनफ’ म्हणेल. टीममधल्या कोणाला उत्तरात ‘माय गोट इज फाइन’ वगैरे गंमत करायची असेल तर आत्ता नको. अशी गंमत लिखित मेलमध्ये घसरते. पुढे कॉलवर ओळख वाढली की खुशाल करा.

तुम्ही स्वतः हा वाक्प्रचार वापरावा का? बोलताना, सहकाऱ्यांत, जरूर. ‘व्हॉट गेट्स माय गोट इज…’ ही सुरुवात तक्रार सौम्य करते आणि ऐकणारा हसून कान देतो. क्लायंटकडे लेखी तक्रार करताना, एस्कलेशनमध्ये, म्हणजे प्रकरण वरिष्ठांकडे नेताना, किंवा एचआरला लिहिताना नको. तिथे काय घडलं, कधी घडलं आणि त्याने काय अडलं एवढंच साध्या वाक्यांत लिहा. आणि त्या ‘बकरा बनवलं’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला हे सगळं सांगाल तेव्हा त्याला एकटं घेऊन सांगा. मराठी अर्थाने वाचलं तर त्याचा निष्कर्ष तर्काला धरूनच होता.